प्रौढांचा टी-पेशी ल्युकेमिया : लक्षणे आणि पूर्ववृत्त

रोगाचे निदान म्हणजे केवळ रोग्याच्या शरीराची तपासणी, असा एक सर्वसाधारण समज आहे. नाडी पाहावी, पोट चाचपावे, रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवावे, की रोग कळलाच, असे पुष्कळांस वाटते. परंतु जाणता वैद्य यांपैकी काहीही करण्यापूर्वी रोग्याला बोलते करतो. केव्हापासून बरे वाटत नाही, यापूर्वी कोणते आजार झाले, आईवडिलांना काय झाले होते, जन्म कोठला, वास्तव्य कोठे झाले, असे प्रश्न तो विचारतो आणि उत्तरे टिपून ठेवतो. या टिपणास रोग्याचे पूर्ववृत्त म्हणतात. पूर्ववृत्तातील एखादी साधी नोंद किती मोलाची ठरते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे प्रौढ वयात होणारा टी-पेशी ल्युकेमिया हा रक्ताचा विरळा कर्करोग होय. या रोगाच्या मूळ कारणाकडे जाणारी वाट सूक्ष्मदर्शकाने जितकी दाखविली, तितकीच ती रुग्णांच्या जन्मस्थळांनीही दाखविली.

१. रक्तातील टी-पेशी

निरोगी प्रौढ माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणतः ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. शरीरात शिरलेल्या जंतूंशी सामना करणे हे त्यांचे काम. या पेशी अनेक जातींच्या असून त्यांपैकी एका जातीस लसीकापेशी म्हणतात. लसीकापेशींचेही मुख्यतः दोन वर्ग आहेत. बी-पेशी जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. टी-पेशींपैकी काही रोगग्रस्त पेशींचा नाश करतात, तर काही इतर पेशींना इशारा देऊन कामास लावतात. या दुसऱ्या प्रकारास साहाय्यक टी-पेशी असे नाव आहे.

पांढऱ्या पेशींपैकी एखादी पेशी शरीराचे नियंत्रण झुगारून अमर्याद वाढू लागली आणि तिची प्रजा रक्तात व अस्थिमज्जेत पसरली, म्हणजे त्या विकारास ल्युकेमिया म्हणतात. प्रस्तुत रोगात बिघडते ती बहुधा साहाय्यक टी-पेशीच. ज्या पेशीने संरक्षणाची सूत्रे हलवावयाची, तीच रोगाचे मूळ बनते. त्यामुळे रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशी विपुल असूनही त्याची प्रतिकारशक्ती मात्र दुबळी होते.

टी-पेशी आणि बी-पेशी यांतील भेद नुसत्या सूक्ष्मदर्शकाने ओळखता येत नाही. १९७० च्या सुमारास त्यासाठी एक सोपी युक्ती प्रचारात आली. माणसाच्या लसीकापेशींत मेंढीच्या तांबड्या पेशी मिसळल्या, तर त्या टी-पेशींभोवती चिकटून फुलासारखे कडे करतात. बी-पेशींभोवती तसे कडे होत नाही. या युक्तीमुळे प्रत्येक ल्युकेमिया कोणत्या वर्गातील पेशींचा आहे, हे पडताळून पाहणे शक्य झाले.

२. सोळा रुग्ण

जपानमधील क्योतो विश्वविद्यालयात किओशी ताकात्सुकी, ताकाशी उचियामा आणि त्यांचे सहकारी अशीच पडताळणी करीत होते. त्यांना काही प्रौढ रुग्णांत एक निराळेच चित्र आढळले. पेशी टी-वर्गातील होत्या. परंतु रोग मुलांत व तरुणांत दिसणाऱ्या टी-पेशी ल्युकेमियासारखा नव्हता. मुलांच्या त्या रोगात छातीच्या मध्यभागी, थायमस ग्रंथीच्या जागी, पुष्कळदा मोठी गाठ असते. या प्रौढ रुग्णांत तशी गाठ नव्हती. उलट, त्यांच्या त्वचेवर विकार होता, लसीका ग्रंथी सुजल्या होत्या, आणि पेशींचे केंद्रक वेडेवाकडे, अनेक पाळ्यांचे झालेले होते.

१९७७ मध्ये या संशोधकांनी अशा १६ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात लक्षणांच्या यादीबरोबर आणखी एक नोंद होती : १६ पैकी १३ रुग्णांचा जन्म क्यूशू या बेटावर झालेला होता. क्यूशू हे जपानच्या नैऋत्य टोकाचे बेट, क्योतोपासून शेकडो किलोमीटर दूर.

हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता आला असता. तसे न करता त्यांनी तो महत्त्वाचा पुरावा मानला. एखादा रोग एका प्रदेशात जन्मलेल्यांनाच वारंवार होत असेल, तर त्याचे कारण त्या प्रदेशात असले पाहिजे. ते कारण तेथील कुळांच्या आनुवंशात असेल, तेथील आहारात असेल, किंवा तेथे वावरणाऱ्या एखाद्या जंतूत असेल. ‘आपला जन्म कोठला?’ या साध्या प्रश्नाने संशोधनाला अशी निश्चित दिशा दिली.

३. कारणाचा शोध

१९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील बर्नार्ड पोइझ, रॉबर्ट गॅलो आणि त्यांचे सहकारी यांनी टी-पेशींचा कर्करोग झालेल्या एका रुग्णाच्या पेशींतून एक नवा विषाणू वेगळा केल्याचे जाहीर केले. मानवात सापडलेला हा पहिला रेट्रोव्हायरस. रेट्रोव्हायरसचे वैशिष्ट्य असे की, तो आपल्या आनुवंशिक मजकुराची डीएनएच्या रूपातील प्रत करून ती पेशीच्या स्वतःच्या डीएनएत कायमची जोडून टाकतो.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, जपानमधील योरिओ हिनुमा आणि सहकाऱ्यांनी प्रश्नाचा दुसरा भाग सोडविला. इसाओ मियोशी यांनी या ल्युकेमियाच्या एका रुग्णापासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशी त्यांनी घेतल्या आणि त्यांवर निरनिराळ्या लोकांच्या रक्तातील रस घालून पाहिला. ज्याच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे असतील, त्याचा रस पेशींना चिकटावयाचा. तपासलेल्या ४४ च्या ४४ रुग्णांत ही प्रतिपिंडे सापडली. रोग आढळणाऱ्या प्रदेशातील निरोगी प्रौढांपैकी २६ टक्के लोकांतही ती होती. इतर प्रदेशांत मात्र क्वचितच. अमेरिकेतील व जपानमधील विषाणू एकच असल्याचे लवकरच सिद्ध झाले. त्यास ‘मानवी टी-पेशी विषाणू, प्रकार १’, किंवा संक्षेपाने एचटीएलव्ही-१, असे म्हणतात.

४. शरीर काय सांगते

आता या रोगाची लक्षणे पाहू. ती एकेकटी घेतली तर फसवी आहेत. एकत्र पाहिली म्हणजे त्यांचा अर्थ लागतो.

(अ) ग्रंथी : मान, काख व जांघ येथील लसीका ग्रंथी सुजतात. ही सूज बहुधा दुखत नाही. अनेकांत यकृत व पाणथरीही वाढलेली असते.

(आ) त्वचा : अंगावर लालसर चट्टे, जाड चकत्या किंवा गाठी येतात. बिघडलेल्या टी-पेशी त्वचेत जाऊन वस्ती करतात, त्याचा हा परिणाम. काही रुग्णांत हा विकार इतका सावकाश चालतो की, तो साधा त्वचारोग समजून त्यावर दीर्घकाळ मलमे लावली जातात.

(इ) कॅल्शियम : हे या रोगाचे सर्वांत घातक लक्षण होय. बिघडलेल्या पेशी संप्रेरकासारखे एक द्रव्य सोडतात. त्यामुळे हाडे झिजविणाऱ्या पेशींना चेतना मिळते आणि हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते. १०० मिलिलिटर रक्तरसात कॅल्शियमचे प्रमाण साधारणतः ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असावे लागते. ते फार वाढले म्हणजे रुग्णास सारखी तहान लागते, लघवी वारंवार होते, मळमळ व बद्धकोष्ठ होतो, अंगात ग्लानी येते, बोलण्यात भ्रम दिसू लागतो आणि शेवटी शुद्ध हरपते. तहान आणि वारंवार लघवी या दोहोंवरून प्रथम मधुमेहाची शंका येणे स्वाभाविक आहे. रक्तातील साखर ठीक निघाल्यावर तपास तेथेच थांबविला, तर मोलाचे दिवस वाया जातात.

(ई) इतर जंतूंचा उपद्रव : निरोगी माणसास सहसा न बाधणारे जंतू या रुग्णास गाठतात. बुरशीजन्य विकार, न्यूमोसिस्टिस नावाच्या सूक्ष्मजीवाने होणारा फुप्फुसदाह आणि स्ट्राँगिलॉइडस नावाच्या बारीक कृमीचा आतड्यातील उपद्रव ही त्याची उदाहरणे होत. औषध देऊनही हा कृमी पुन्हा पुन्हा आढळला, तर त्यामागे दुबळी झालेली प्रतिकारशक्ती असू शकते, हे ध्यानात घ्यावे लागते.

(उ) रक्त : इतर तीव्र ल्युकेमियांत रक्तक्षय व रक्तस्राव ही ठळक चिन्हे असतात, येथे ती पुष्कळदा सौम्य असतात. उलट, रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून पाहिला असता ज्यांच्या केंद्रकास फुलाच्या पाकळ्यांसारखे अनेक भाग पडले आहेत, अशा लसीकापेशी दिसतात. त्यांना ‘पुष्पपेशी’ असेच नाव पडले आहे. अनुभवी डोळ्यास त्या एकदा दिसल्या, म्हणजे पुढील तपासाची दिशा ठरते.

५. रोगाचे चार प्रकार

१९९१ मध्ये जपानी वैद्यांनी या रोगाचे चार प्रकार निश्चित केले. पहिला तीव्र प्रकार : यात रक्तात रोगपेशी विपुल असतात, कॅल्शियम वाढते आणि रोग वेगाने बळावतो. दुसरा ग्रंथिप्रधान : यात ग्रंथी वाढतात, परंतु रक्तात रोगपेशी जवळजवळ नसतात. तिसरा चिरकारी : यात लसीकापेशींची संख्या वाढलेली असते, पण कॅल्शियम ठीक असते. चौथा धुमसता : यात पेशींची एकूण संख्या सामान्य असूनही त्यांत थोड्या विकृत पेशी सापडतात, आणि त्वचेवर किंवा फुप्फुसात विकार असू शकतो.

त्या वेळच्या पाहणीत तीव्र प्रकारच्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ६.२ महिने, ग्रंथिप्रधान प्रकारात १०.२ महिने आणि चिरकारी प्रकारात २४.३ महिने आढळले. चिरकारी व धुमसता हे प्रकार पुढे केव्हाही तीव्र रूप घेऊ शकतात. हे आकडे पाहिले म्हणजे निदानास लागणाऱ्या प्रत्येक आठवड्याचे मोल वाचकांच्या ध्यानात येईल.

६. पूर्ववृत्त काय सांगते

या विषाणूचा प्रसार खोकल्याने, स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. तो जिवंत पेशींबरोबर प्रवास करतो. त्याचे मार्ग मुख्यतः तीन : आईच्या दुधातून बालकास, शरीरसंबंधातून जोडीदारास, आणि संसर्ग झालेल्या व्यक्तीच्या पेशीयुक्त रक्ताच्या संक्रमणातून दुसऱ्यास. यांपैकी ल्युकेमियाच्या दृष्टीने पहिला मार्ग सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रौढपणी संसर्ग झालेल्यांना हा कर्करोग क्वचितच होतो. तो बहुधा अशांनाच होतो, ज्यांना तान्हेपणी संसर्ग झालेला असतो.

संसर्ग आणि रोग यांच्यामध्ये कित्येक दशके लोटतात. विषाणूच्या चेतनेने संसर्गित पेशी विभागत राहतात आणि त्यांच्यात एकामागून एक दोष साठत जातात. जपानमधील रुग्ण पुष्कळदा साठी ओलांडलेले असतात. कॅरिबियन बेटांतील व दक्षिण अमेरिकेतील रुग्णांना हा रोग त्यांच्याहून दहा-वीस वर्षे आधी गाठतो. म्हणजे रोगाचे बीज ज्या वर्षी पडले, ते वर्ष रुग्णास आठवणे शक्यच नसते. त्याला आठवते ते जन्मगाव, आई आणि भावंडे. म्हणून वैद्याने विचारावयाचे ते हेच.

जगात या विषाणूचे वाहक निदान ५० लाख ते १ कोटी असावेत, असा अंदाज आहे. ते सर्वत्र सारखे पसरलेले नाहीत. नैऋत्य जपान, कॅरिबियन बेटे, आफ्रिकेचा मध्य व पश्चिम भाग, दक्षिण अमेरिकेतील काही प्रदेश, इराणमधील मशहदचा परिसर, रुमानिया, मेलानेशियातील बेटे आणि मध्य ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या वस्त्या येथे त्यांचे प्रमाण अधिक आहे. भारतात हा रोग विरळा असून त्याच्या तुरळक नोंदी झालेल्या आहेत.

परंतु माणसे देशांतर करतात आणि विषाणूही त्यांच्याबरोबर जातो. हवाई बेटांत स्थायिक झालेल्या जपानी कुळांत तो आढळला. १९८२ मध्ये लंडनमधील डॅनिएल कॅटॉव्हस्की आणि सहकाऱ्यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या रहिवाशांत हाच ल्युकेमिया असल्याचे दाखवून दिले. तेव्हा रुग्ण सध्या कोठे राहतो, एवढे विचारून भागत नाही. तो कोठून आला आणि त्याची आई कोठली, हेही विचारावे लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. लंडनमध्ये राहणारा पंचावन्न वर्षांचा एक मनुष्य वैद्याकडे येतो. महिनाभर त्याला अतोनात तहान लागते, शौचास साफ होत नाही, आणि तो कामात चुका करू लागला आहे, असे त्याची पत्नी सांगते. दोन वर्षांपासून पाठीवर चट्टे आहेत. त्यांचा या तक्रारींशी संबंध असेल असे त्याला वाटत नाही, म्हणून तो ते दाखवीतही नाही. रक्तातील साखर सामान्य निघते. आता वैद्य जन्मस्थळ विचारतो. उत्तर मिळते : जमैका. भावंडांविषयी विचारता एक बहीण पायांतील ताठरपणाने अंथरुणास खिळल्याचे कळते. ही माहितीही अर्थपूर्ण आहे. कारण हाच विषाणू काही जणांत मज्जारज्जूचा विकार उत्पन्न करतो. हा संबंध १९८५ मध्ये मार्तिनिक बेटावर आणि १९८६ मध्ये क्यूशूतील कागोशिमा येथे उघड झाला. आता वैद्य रुग्णाची पाठ पाहतो, ग्रंथी चाचपतो, कॅल्शियम मोजण्यास सांगतो आणि रक्तथरात पुष्पपेशी शोधावयास लावतो. तहान, चट्टे, जन्मस्थळ आणि बहिणीचे पाय या चार सुट्या गोष्टी एका सूत्रात ओवल्या जातात.

७. निदान, उपचार आणि एक सावधगिरी

पूर्ववृत्ताने शंका येते. निश्चिती प्रयोगशाळाच करते. रक्तात विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आहेत काय, पेशींच्या पृष्ठभागावर साहाय्यक टी-पेशींच्या खुणा आहेत काय, आणि सर्व रोगपेशींत विषाणूची प्रत एकाच ठिकाणी जोडलेली असून त्या एकाच पेशीची संतती आहेत काय, हे पाहिले जाते.

उपचारांत वाढलेले कॅल्शियम तातडीने उतरविणे हे पहिले काम असते. त्यानंतर रोगाच्या प्रकारानुसार रासायनिक औषधे दिली जातात. झिडोव्ह्युडिन व इंटरफेरॉन यांच्या जोडीचा उपयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथिप्रधान प्रकार सोडून इतर प्रकारांत ती दिली जाते. योग्य रुग्णांत दुसऱ्याच्या मूलपेशींचे रोपण करतात. २०१२ मध्ये जपानने मोगाम्युलिझुमॅब या प्रतिपिंडरूप औषधास मान्यता दिली. तथापि तीव्र रोग आजही दुर्दम्यच आहे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे. जपानमधील वाहकांपैकी सुमारे ५ टक्क्यांनाच आयुष्यात केव्हातरी हा ल्युकेमिया होतो. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ६ ते ७ टक्के, तर स्त्रियांत २ ते ३ टक्के आहे. उरलेले बहुसंख्य लोक या कर्करोगापासून मुक्त राहतात. त्याचप्रमाणे तहान लागणाऱ्या किंवा अंगावर चट्टे असणाऱ्या प्रत्येकास हा रोग असतो, असेही नाही. जन्मस्थळाचा प्रश्न तपासाला दिशा देण्यासाठी आहे, कोणत्याही प्रदेशातील माणसांस दूषण देण्यासाठी नाही. तो विचारताना वैद्याने त्याचे कारणही सांगावे. म्हणजे रुग्ण मोकळेपणाने उत्तर देतो.

८. प्रतिबंध

या रोगाविरुद्धचा सर्वांत मोठा विजय रुग्णालयातील खाटेपाशी नव्हे, तर पाळण्यापाशी मिळाला. १९८६ मध्ये जपानमध्ये दात्यांचे रक्त या विषाणूसाठी तपासण्यास प्रारंभ झाला. १९८७ मध्ये क्यूशूतील नागासाकी विभागात गर्भवती स्त्रियांची तपासणी सुरू झाली, आणि ज्यांच्यात विषाणू आढळला त्यांना बालकास अंगावर न पाजण्याचा सल्ला देण्यात आला. तेथे आईकडून बालकास होणारा संसर्ग सुमारे २० टक्क्यांवरून सुमारे २.५ टक्क्यांवर आला. हा सल्ला केवळ तपासणीत विषाणू आढळलेल्या मातांसाठी आहे, हे विसरता कामा नये. इतर मातांच्या बाळांसाठी आईचे दूध हेच उत्तम अन्न होय. शिवाय जेथे स्वच्छ पाणी व बाहेरचे दूध यांची खात्री नाही, तेथे अंगावर पाजणे बंद करण्याचे धोकेही तोलून पाहावे लागतात.

नागासाकीत १९८७ नंतर जन्मलेली आणि या सल्ल्यामुळे संसर्गापासून वाचलेली बालके वृद्ध होतील, तेव्हा त्यांना हा ल्युकेमिया का झाला नाही, याची नोंद कोणत्याही रुग्णालयाच्या वहीत नसेल. कारण न झालेल्या रोगाचे पूर्ववृत्त कोणी लिहीत नाही. परंतु त्यांच्या त्या निरोगी आयुष्याचा आरंभ १६ रुग्णांच्या टिपणांतील जन्मस्थळाच्या रकान्यापासून झाला, हे अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. रक्तात पांढऱ्या पेशी विपुल असूनही या रुग्णाची प्रतिकारशक्ती दुबळी का असते?

२. रक्तातील कॅल्शियम वाढल्याने कोणती लक्षणे दिसतात? ती कोणत्या दुसऱ्या रोगासारखी भासतात?

३. या रोगात रुग्णाच्या सध्याच्या वास्तव्यापेक्षा त्याचे जन्मस्थळ अधिक महत्त्वाचे का ठरते?

४. ‘वाहक’ आणि ‘रोगी’ यांतील भेद आकडे देऊन स्पष्ट करा.